गणवेश उतरल्यानंतर : मेजर जनरल खंडुरी यांचे राजकारण

पुणे-सातारा-कोल्हापूर या मार्गाने ज्यांनी १९९०च्या दशकात एस.टी.ने प्रवास केला आहे, त्यांना त्या रस्त्याचे वर्णन सांगावे लागत नाही. जाण्याला एक पदर, येण्याला एक पदर, मधूनच उसाने लादलेल्या ट्रॉल्या आणि घाटात एखादा मालट्रक बंद पडला की दोन्ही अंगांना वाहनांच्या रांगा. हाच रस्ता पुढे दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या चार महानगरांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाच्या मुंबई-चेन्नई बाजूचा भाग झाला आणि चारपदरी बनला. ५,८४६ किलोमीटर लांबीच्या या चतुष्कोनाची कल्पना अटलबिहारी वाजपेयी यांची, हे देशाला ठाऊक आहे. मात्र त्या कल्पनेसाठी पैसा, जमीन, कंत्राटदार आणि वेळापत्रक यांची मोट बांधण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्या मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी यांचे नाव महाराष्ट्रात फारसे घेतले जात नाही. हिंदीत ते ‘खंडूड़ी’ असे लिहितात. आपल्याकडे ‘खंडुरी’ हेच रूढ झाले आहे.

त्यांच्या राजकीय जीवनाचा आलेख सरळ रेषेत जात नाही. केंद्रात कॅबिनेट मंत्रिपद, राज्यात दोनदा मुख्यमंत्रिपद, दोन्ही वेळा अल्प काळ आणि त्यातील दुसऱ्या खेपेचा शेवट स्वतःच्याच मतदारसंघातील पराभवाने. ज्या निवडणुकीत पक्षाने त्यांच्या नावावर मते मागितली, त्याच निवडणुकीत ते पडले. हे का घडले, याचा विचार सार्वजनिक कामात असणाऱ्या प्रत्येकाने करण्यासारखा आहे. आणि हा विचार करताना खंडुरींचे गुण जितके तपासावे लागतात, तितकाच त्यांचा पक्षही तपासावा लागतो.

१ ऑक्टोबर १९३४ रोजी डेहराडून येथे त्यांचा जन्म झाला. घराणे गढवालचे. उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री राहिलेले हेमवतीनंदन बहुगुणा यांचे ते भाचे. म्हणजे राजकारण घरात होते, पण तरुण भुवनचंद्र त्या वाटेने गेले नाहीत. गढवालात ही गोष्ट नवलाची नाही. लॅन्सडाउन येथे गढवाल रायफल्सचे केंद्र आहे आणि डोंगरातल्या गावोगावी पिढ्यान्पिढ्या घरटी एक माणूस पलटणीत, अशी स्थिती राहिली आहे. शेतीचे तुकडे पायऱ्यांसारखे, पाणी खाली दरीत, रोजगार मैदानात. मुलगा सैन्यात जातो, त्याची मनीऑर्डर येते आणि घर चालते. अर्थशास्त्राचे अभ्यासक याला ‘मनीऑर्डर अर्थव्यवस्था’ म्हणतात. त्या घरातल्या आईला आणि पत्नीला मात्र शेत, गुरे, चारा, पाणी आणि म्हातारी माणसे हे सर्व एकटीने ओढावे लागते. पुढे उत्तराखंड राज्याच्या आंदोलनात स्त्रिया एवढ्या संख्येने रस्त्यावर का उतरल्या, याचे मूळ या घरांत आहे.

खंडुरी १९५४ मध्ये सेनेच्या अभियंता दलात दाखल झाले आणि १९९० मध्ये मेजर जनरल या हुद्द्यावरून निवृत्त झाले. छत्तीस वर्षे. १९६२, १९६५ आणि १९७१ ही तिन्ही युद्धे या कालखंडात झाली. त्यांना अति विशिष्ट सेवा पदकही मिळाले. अलाहाबाद विद्यापीठानंतर त्यांचे तांत्रिक शिक्षण पुण्याजवळच्या दापोडी येथील सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. पुणेकरांना अभियंता दलाची ओळख करून देण्याची गरज नाही. खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आहे आणि ‘सर्वत्र’ हे या दलाचे ब्रीद आहे. तरी सॅपरचे काम काय असते, हे येथे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण खंडुरींच्या पुढच्या राजकारणाची किल्ली तेथे आहे. पायदळ आणि रणगाडे नदी ओलांडतात ते सॅपरने टाकलेल्या पुलावरून. शत्रूने पेरलेले सुरुंग सर्वांच्या आधी पुढे जाऊन उचलतो तो सॅपर. माघारीची वेळ आली तर आपणच बांधलेला पूल उडवायचा, तोही आपला शेवटचा जवान अलीकडे आल्यानंतर, हेही त्याचेच काम. या कामात घटिका चुकली तर माणसे मरतात. ‘जवळजवळ पूर्ण झालेला’ पूल अशी वस्तू युद्धात नसते. ज्याचे सारे तारुण्य या हिशेबात गेले, त्याला पुढे मंत्रालयातील ‘काम प्रगतिपथावर आहे’ हे वाक्य कसे ऐकू आले असेल, याची कल्पना करता येते.

निवृत्तीनंतर अवघ्या वर्षभरात, १९९१ मध्ये, ते भारतीय जनता पक्षाच्या वतीने गढवालमधून लोकसभेवर निवडून आले. बद्री-केदारचा हा मतदारसंघ. तोवर देशाला तो माहीत होता तो १९८२च्या पोटनिवडणुकीमुळे, जिथे त्यांच्या मामांनी इंदिरा गांधींच्या सत्तेला आव्हान देऊन विजय मिळवला होता. १९९६ मध्ये खंडुरी तेथे सतपाल महाराज यांच्याकडून पराभूत झाले. अनेक निवृत्त अधिकारी एका पराभवानंतर घरी बसतात. त्यांच्या मनाला मतदाराने नाकारणे हा अपमान वाटतो. खंडुरी पुन्हा त्याच डोंगरांत फिरू लागले आणि १९९८, १९९९ व २००४ या तिन्ही निवडणुकांत विजयी झाले.

नोव्हेंबर २००० मध्ये वाजपेयींनी त्यांना रस्ते वाहतूक व महामार्ग खात्याचे स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री केले. याच महिन्याच्या ९ तारखेला उत्तरांचल हे वेगळे राज्य अस्तित्वात आले. (‘उत्तराखंड’ हे आजचे नाव १ जानेवारी २००७ पासूनचे.) मे २००३ मध्ये त्यांना कॅबिनेट दर्जा मिळाला. म्हणजे खात्याची सूत्रे त्यांच्या हाती जेमतेम साडेतीन वर्षे होती.

त्या वेळचे चित्र असे. देशातील एकूण रस्त्यांपैकी राष्ट्रीय महामार्गांची लांबी साधारण दोन टक्के, पण वाहतुकीचा सुमारे ४० टक्के भार त्यांच्यावर. या महामार्गांचा फार मोठा भाग दुपदरी किंवा त्याहूनही अरुंद. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा कायदा १९८८ चा, पण प्राधिकरण प्रत्यक्ष कामाला लागले १९९५ मध्ये. वाजपेयींनी जानेवारी १९९९ मध्ये बंगळूर येथे महामार्ग विकास प्रकल्पाची कोनशिला बसवली. कोनशिला बसवणे ही आपल्या देशातील सर्वांत सोपी गोष्ट. अवघड प्रश्न पैशाचा होता. त्याचे उत्तर पेट्रोल आणि डिझेलवरील उपकरातून निघाले. प्रत्येक लिटरमागे घेतलेला रुपया रस्त्यासाठीच वापरला जाईल याची तरतूद केंद्रीय मार्ग निधी कायद्याने २००० मध्ये केली. डिझेलवरील उपकराचा अर्धा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी राखला गेला. अर्थसंकल्पाच्या दयेवर नसलेला, दरवर्षी येणार याची खात्री असलेला हा पैसा हाती होता म्हणूनच प्राधिकरणाला कर्ज उभारता आले आणि पहिल्या टप्प्याच्या सुमारे ३०,००० कोटींच्या कामाला डिसेंबर २००० मध्ये मंजुरी देता आली.

कागदावर हे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर भूसंपादनाचे खटले, रस्त्यात येणारी मंदिरे, मशिदी, वीजवाहिन्या, झाडे, राज्य सरकारांच्या परवानग्या, आणि ज्यांनी आयुष्यात कधी पन्नास किलोमीटरचे काम सलग केलेले नाही असे कंत्राटदार. आपल्या देशात तोवर रस्त्याचे काम म्हणजे चार-पाच किलोमीटरचे तुकडे, स्थानिक ठेकेदार आणि डांबराच्या पिंपावर चढलेला कारकून. चतुष्कोनाने मोठ्या लांबीचे टप्पे पाडले, देशाबाहेरच्या कंपन्यांनाही निविदा भरू दिल्या, वेळेत काम न करणाऱ्याला दंड आणि वेळेआधी करणाऱ्याला बक्षीस असा व्यवहार आणला. खंडुरींची ओळख या काळात एक कडक, आकडे मागणारा, सबबी न ऐकणारा मंत्री अशी झाली. पक्षातील सहकाऱ्यांनाही त्यांच्याकडे कंत्राटाची शिफारस घेऊन जाणे अवघड वाटे, असे सांगितले जाते. आणि ज्या खात्यात पैसा सर्वांत मोठा, त्या खात्यातून ते वैयक्तिक डाग न घेता बाहेर पडले.

डिसेंबर २००३ ही चतुष्कोनाची मूळ मुदत मात्र पाळली गेली नाही. काम संपूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०१२ मध्ये झाली. २००४ नंतर सत्ता बदलली आणि वेग मंदावला, हे खरे. पण मुदत त्याआधीच चुकली होती, हेही नोंदवले पाहिजे.

आणि याहून मोठी एक जखम आहे, जी या काळाचा गौरव करणाऱ्यांनी झाकून ठेवू नये. सत्येंद्र दुबे हा कानपूरच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेला तरुण अभियंता महामार्ग प्राधिकरणात बिहार-झारखंडच्या पट्ट्यात काम करीत होता. निकृष्ट काम आणि पोटकंत्राटांतील गैरव्यवहार याबद्दल त्याने २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासह फायलींतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया येथे त्याची गोळी घालून हत्या झाली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला, २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली आणि ही लुटीतून घडलेली हत्या होती असे न्यायालयासमोर आले. तरीही नाव गुप्त राहिले नाही, हा प्रश्न उरतोच. ज्या मंत्र्याचा स्वतःचा व्यवहार स्वच्छ आहे, त्याच्या खात्यात खालच्या पातळीवरचा प्रामाणिक माणूस सुरक्षित असतोच असे नाही. सैन्यात जवानाने दिलेली खबर कोणाच्या हाती जाते, याची शिस्त असते. दिल्लीच्या फायलींना ती नव्हती. २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे अशा तक्रारी घेण्याचे काम आले आणि २०१४ मध्ये कायदा झाला. दोन्ही दुबेच्या मृत्यूनंतर.

२००७ मध्ये उत्तराखंड विधानसभेची निवडणूक झाली. नारायण दत्त तिवारी यांच्या काँग्रेस सरकारची पाच वर्षे संपली होती. भाजप ३४ जागा जिंकून सर्वांत मोठा पक्ष ठरला. बहुमताला थोड्या जागा कमी होत्या, त्या उत्तराखंड क्रांती दल आणि अपक्षांनी भरून काढल्या. आमदारांचा कल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे आहे, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. कोश्यारी २००१-०२ मध्ये काही महिने मुख्यमंत्री राहिले होते, संघटनेतून वर आलेले होते, आमदारांना नावाने ओळखणारे होते. (हेच कोश्यारी पुढे २०१९ ते २०२३ महाराष्ट्राचे राज्यपाल होते.) दिल्लीने खंडुरींची निवड केली. पुढच्या सव्वादोन वर्षांतील सगळा ताण या एका निर्णयात बीजरूपाने होता.

खंडुरी तेव्हा खासदार होते. सहा महिन्यांत विधानसभेवर निवडून येणे आवश्यक होते. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. धुमाकोटचे काँग्रेस आमदार लेफ्टनंट जनरल तेजपालसिंह रावत यांनी आपली जागा खंडुरींसाठी सोडली, पक्षही सोडला आणि पुढे २००८ मध्ये खंडुरींच्या रिकाम्या झालेल्या लोकसभेच्या जागेवर भाजपतर्फे निवडून आले. हुद्द्याने वरचा अधिकारी खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यासाठी जागा खाली करतो, हे सैन्यात घडणार नाही. राजकारणात घडले.

मुख्यमंत्री म्हणून खंडुरींनी केलेल्या कामांत जमिनीचा कायदा सर्वांत लक्षणीय. राज्याबाहेरील व्यक्तीला नगरपालिका हद्दीबाहेर घरासाठी किती जमीन घेता येईल, याची मर्यादा तिवारी सरकारने ५०० चौरस मीटर ठरवली होती. खंडुरींनी ती २५० वर आणली. मुळशी, लोणावळा, कोकण येथे शहरातला पैसा आल्यावर गावाच्या जमिनीचे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या निर्णयाचे महत्त्व समजेल. डोंगरात शेतीयोग्य जमीन मुळातच मूठभर. एकदा ती दिल्लीच्या बंगल्याखाली गेली की फौजीचा मुलगा निवृत्त होऊन परत येणार कोठे? २०१८ मध्ये उद्योगांसाठी हे नियम सैल झाले आणि २०२५ मध्ये जनतेच्या रेट्याने पुन्हा आवळावे लागले. वाद अद्याप जिवंत आहे, यावरून प्रश्नाची खोली कळते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही २००८ मध्ये याच राजवटीत सुरू झाली. जेथे बाळंतिणीला डोलीतून खाली आणावे लागते, त्या प्रदेशात ही सेवा चैनीची नव्हती.

मग नाराजी कशाची? आमदार म्हणत, मुख्यमंत्री भेटत नाहीत. भेटले तरी ऐकत नाहीत. ऐकले तरी काम अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडतात. या तक्रारींतील निम्म्या तक्रारी बदल्या आणि ठेक्यांच्या होत्या, असे खंडुरींचे समर्थक म्हणत, आणि त्यात तथ्य होते. पण उरलेल्या निम्म्यांचे काय? आमदार म्हणजे कनिष्ठ अधिकारी नव्हे. त्याला लोकांनी निवडून दिलेले असते आणि त्याच्या गावच्या पुलाचा, शाळेचा, बदलून गेलेल्या एकमेव डॉक्टरचा प्रश्न तो घेऊन आलेला असतो. सैन्यात आज्ञा खाली जाते आणि तिचे पालन होते. मुख्यमंत्र्याला आपली आज्ञा आधी पटवावी लागते, तीही अशा माणसांना, ज्यांच्या मतावर त्याची खुर्ची उभी आहे. या दुसऱ्या कलेत खंडुरी उणे पडले. आपण स्वच्छ आहोत, निर्णय योग्य आहे, मग समजूत काढायची कशाला, असा त्यांचा स्वभाव होता. संघटनेत काम करणाऱ्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल. प्रामाणिक माणसांतच तो अधिक आढळतो. मुख्यमंत्र्यांच्या भोवती मोजक्या अधिकाऱ्यांचे कडे तयार झाले आणि लोकप्रतिनिधी बाहेर राहिले. कड्याच्या आत कोण आहे यावर कोणाचे लक्ष नव्हते, हा आरोप विरोधकांनी पुढे वारंवार केला.

मे २००९ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील पाचही जागा भाजपने गमावल्या. गढवालची, खंडुरींची हक्काची जागाही गेली. तेजपालसिंह रावत यांना सतपाल महाराजांनी हरवले. खंडुरींनी जबाबदारी स्वीकारली आणि जूनमध्ये रमेश पोखरियाल ‘निशंक’ मुख्यमंत्री झाले. सारा देश काँग्रेसकडे झुकलेल्या वर्षी एका राज्याच्या पराभवासाठी एकच माणूस दोषी कसा, असा प्रश्न विचारणारे थोडे होते.

दोन वर्षे गेली. २०११ चा ऑगस्ट आला. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे, जे स्वतः कधी सेनेत ट्रकचालक होते, दिल्लीत रामलीला मैदानावर उपोषणाला बसले होते आणि देशातील तरुण भ्रष्टाचाराविरुद्ध रस्त्यावर होता. डेहराडूनमध्ये निशंक सरकारवर जलविद्युत प्रकल्पांचे वाटप आणि जमीन व्यवहार यांवरून आरोप होत होते. विधानसभा निवडणूक पाच महिन्यांवर. अशा वेळी पक्षाला तो कडक, न भेटणारा, न ऐकणारा जनरल आठवला. ११ सप्टेंबर २०११ रोजी खंडुरी पुन्हा मुख्यमंत्री झाले. वय सत्त्याहत्तरीला टेकलेले.

या सहा महिन्यांत त्यांनी जो वेग दाखवला, तो सॅपरचा होता. नागरिकांना ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा कायदा, कर्मचाऱ्यांच्या बदल्यांना नियमात बांधणारा कायदा आणि १ नोव्हेंबर २०११ रोजी विधानसभेने मंजूर केलेले लोकायुक्त विधेयक. मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदार या सर्वांना चौकशीच्या कक्षेत आणणाऱ्या या विधेयकाचे अण्णांच्या सहकाऱ्यांनी जाहीर स्वागत केले. त्यात एक मेख होती, ती त्याच वेळी दाखवूनही देण्यात आली : मुख्यमंत्री, मंत्री किंवा आमदाराविरुद्ध कारवाई करायची तर लोकायुक्त मंडळातील सर्व सदस्यांचे एकमत हवे. एक सदस्य विरुद्ध गेला की चौकशी थांबली. तरीही देशातील कोणत्याही राज्याने तोवर एवढे केले नव्हते. राष्ट्रपतींची संमती येईपर्यंत २०१३ उजाडले, तोवर सरकार बदललेले होते. नव्या सरकारने २०१४ मध्ये वेगळा कायदा आणला. २०१७ मध्ये भाजप पुन्हा सत्तेवर आल्यावर नवे विधेयक आले आणि प्रवर समितीकडे गेले. लोकायुक्ताची खुर्ची २०१३ नंतर कित्येक वर्षे रिकामी राहिली. खंडुरींच्या विधेयकाचे भाषणांतून कौतुक करणाऱ्या त्यांच्याच पक्षाला याचे उत्तर द्यावे लागेल.

जानेवारी २०१२ च्या निवडणुकीत पक्षाची घोषणा होती, ‘खंडूरी है जरूरी’. धुमाकोट हा मतदारसंघ पुनर्रचनेत नाहीसा झाला होता, म्हणून खंडुरी कोटद्वारमधून उभे राहिले. कोटद्वार म्हणजे गढवालचा पायथा. रेल्वे येथे संपते आणि डोंगर सुरू होतो. ६ मार्चला निकाल लागले. पाच महिन्यांपूर्वी ज्या पक्षाचा धुव्वा उडणार असे मानले जात होते, त्याला ३१ जागा मिळाल्या. काँग्रेसला ३२. आणि खंडुरी काँग्रेसच्या सुरेंद्रसिंह नेगी यांच्याकडून सुमारे साडेचार हजार मतांनी पराभूत. त्यांची एक जागा आली असती तर भाजप ३२ वर आणि काँग्रेस ३१ वर असती. काँग्रेसने अपक्ष व इतरांच्या साहाय्याने सरकार बनवले. मुख्यमंत्री झाले विजय बहुगुणा, म्हणजे खंडुरींच्या मामांचे चिरंजीव.

स्वकीयांनीच कोटद्वारमध्ये घात केला, अशी चर्चा तेव्हा उघडपणे झाली. ती सिद्ध कोणी केली नाही आणि खोडूनही काढली नाही. राज्यभर प्रचार करणाऱ्या नेत्याला स्वतःच्या मतदारसंघात वेळ देता आला नाही, नेगी स्थानिक व कसलेले होते, ही कारणेही खरीच आहेत. पण ज्याच्या नावावर पक्षाने जागा मिळवल्या, त्याच्या दाराशी पक्षाचे कार्यकर्ते किती उभे होते, हा प्रश्न निवडणुकीच्या गणितात बसत नाही. जनतेला तो माणूस हवा होता आणि ज्यांच्या मधून जनतेपर्यंत पोहोचायचे, त्यांना तो नको होता.

२०१४ मध्ये, ऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, खंडुरी गढवालमधून मोठ्या मताधिक्याने पुन्हा लोकसभेत गेले. मंत्रिपद मिळाले नाही. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीचे अध्यक्षपद मिळाले. पुष्कळांनी याकडे सन्मानाची निवृत्ती म्हणून पाहिले. मार्च २०१८ मध्ये समितीचा अहवाल संसदेत आला. सेनेच्या उपप्रमुखांनी समितीपुढे दिलेली साक्ष त्यात होती : सैन्याच्या सामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट, २४ टक्के समकालीन आणि केवळ ८ टक्के अद्ययावत. आधुनिकीकरणासाठी मिळालेले २१,३३८ कोटी रुपये आधीच्या १२५ योजनांच्या बांधील देण्यांना, म्हणजे २९,०३३ कोटींनाही, पुरणारे नव्हते. हे आकडे विरोधकांच्या पत्रकातले नव्हते. सत्ताधारी पक्षाच्याच, सेनेत छत्तीस वर्षे काढलेल्या खासदाराच्या अध्यक्षतेखालील समितीने ते छापले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये समितीची पुनर्रचना झाली आणि अध्यक्षपद कलराज मिश्र यांच्याकडे गेले. प्रकृतीचे कारण सांगितले गेले. विरोधकांनी अहवालाचे कारण सांगितले. खंडुरींनी पक्षाविरुद्ध आघाडी उघडली नाही.

मार्च २०१९ मध्ये त्यांचे पुत्र मनीष काँग्रेसमध्ये गेले आणि गढवालमधून उभे राहिले. समोर भाजपचे उमेदवार होते तीरथसिंह रावत, जे खंडुरींच्याच तालमीत वाढलेले मानले जात. रावत जिंकले. मनीष २०२४ मध्ये भाजपमध्ये आले. कन्या ऋतू खंडुरी भूषण आधीपासून भाजपमध्येच होत्या. २०१७ मध्ये यमकेश्वरमधून आमदार झाल्या होत्या. २०२२ मध्ये ती जागा त्यांना नाकारण्यात आली आणि पक्षाने त्यांना कोटद्वारला पाठवले. समोर तेच सुरेंद्रसिंह नेगी. या खेपेस नेगी हरले.

त्याच महिन्यात ऋतू खंडुरी उत्तराखंड विधानसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. सहा महिन्यांत विधानसभा सचिवालयातील मागच्या दाराने झालेल्या नेमणुकांचे प्रकरण उघडकीस आले. त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये २२८ नेमणुका रद्द केल्या. त्यांतील १५० काँग्रेसच्या काळातील, २०१६ च्या होत्या. उरलेल्या २०२० व २०२१ मधल्या, स्वपक्षाच्याच माजी अध्यक्षांनी केलेल्या. आणि ते माजी अध्यक्ष त्या दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळात होते. २०१६ पूर्वीच्या नेमणुकांना हात का लावला नाही, असा प्रश्न काढून टाकलेल्यांनी विचारला आणि तो अगदीच गैरलागू नव्हता. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. अध्यक्षांचा निर्णय दोन्हीकडे टिकला.